छिद्रं मोजणारे आणि छिद्रं पाडणारे

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एखादी बातमी येऊन पडते. कधी केळीच्या सालीपासून सुपरकॅपॅसिटर (झटकन वीज साठवणारा, झटकन सोडणारा घट), कधी करवंटीपासून बॅटरी, कधी उसाच्या चिपाडापासून केलेला, हायड्रोजन काढणारा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे क्रियेला वेग देणारा पदार्थ). खाली ठरलेली ओळ: आता मोबाइल मिनिटभरात चार्ज! मग दोन तट पडतात. एक म्हणतो, पेटंट घ्या, कारखाने काढा, चीनची छुट्टी करा. दुसरा म्हणतो, हे सगळे पीएचडीचे धंदे, आमच्या टॅक्सच्या पैशावर केळी सोलत बसलेत. चार दिवस हाणामारी चालते, मग कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि सगळे केकच्या चित्रांवर एकत्र येतात.

मला दोन्ही तट चुकलेले वाटतात, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. 'एका ग्रॅमला तीन हजार चौरस मीटर पृष्ठभाग' हा अशा बातम्यांतला आकडा वाचून एक हरखून जातो आणि दुसरा वैतागतो. पण दोघांची नजर आकड्यावरच. माझं म्हणणं असं, की सच्छिद्र धातू आणि सच्छिद्र कार्बन हा मुळात कारागिरीचा विषय आहे. छिद्रं किती, यापेक्षा ती कोणी, कशी, किती किलोत आणि दर खेपेला तशीच पाडली, हा खरा प्रश्न. सरकारी पैसा विक्रमी आकड्यांमागे पळतो, तो या दुसऱ्या प्रश्नामागे लागायला हवा. सव्वीस वर्षं कारखान्यात कॅटॅलिस्टचे ड्रम उघडल्यावर माझं हे मत झालंय, त्यामुळे थोडा कडवटपणा आला तर सांभाळून घ्या.

आधी छिद्रं कशाला, ते सांगतो. रासायनिक क्रिया घडते पृष्ठभागावर. आतला धातू नुसता ओझं. म्हणून पृष्ठभाग वाढवायचा. सुपरकॅपॅसिटरमध्ये वापरतात त्या करवंटीच्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये सोळाशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत बारा मैदानं. इतकी जाळी पाडायची युक्ती मात्र जुनी आहे: नको असलेलं काहीतरी आत राहू द्यायचं किंवा मुद्दाम घालायचं आणि नंतर ते काढून घ्यायचं. ते गेलं की त्याची जागा रिकामी राहते.

ही युक्ती मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाहिली नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकाच्या दुकानात, परगावी, मी एक दुपार बसलो होतो. जुन्या दागिन्यांचं हिणकस सोनं त्यानं मुशीत वितळवलं आणि त्यात उलट चांदी घातली, जवळजवळ तिप्पट. मला वाटलं, हा सोनं शुद्ध करतोय की बिघडवतोय? पण चांदी पुरेशी नसली तर तेजाब आत शिरतच नाही, वरच्यावर थांबतं. रस पाण्यात ओतून त्याचे दाणे केले, दाणे शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) टाकले. पिवळट-तपकिरी धूर उठला, चांदी विरघळून गेली आणि तळाशी उरली विटकरी, मातकट ढेकळं. बोटानं दाबली तर चुरा होईल अशी. 'हे सोनं?' मी विचारलं. 'हेच सोनं,' तो म्हणाला, आणि धुऊन, टाकणखार घालून त्यानं ते पुन्हा मुशीत टाकलं. दोन मिनिटांत पिवळा थेंब.

ती विटकरी ढेकळं म्हणजेच ज्याला आज नॅनोसच्छिद्र सोनं म्हणतात, तो पदार्थ. आत दहा-वीस नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर) जाडीच्या सोन्याच्या काड्यांची जाळी असते. चांदी गेल्यावर सोनं असं जाळीदार का उरतं, ते २००१ साली जोना एर्लेबाखर आणि सहकाऱ्यांनी नीट उलगडून दाखवलं. चांदीचा अणू निघून गेला, की शेजारचे सोन्याचे अणू एकटे पडतात. ते पृष्ठभागावर सरकत सरकत एकमेकांजवळ गोळा होतात, त्यांची बेटं होतात, आणि बेटांच्या मधली चांदी तेजाबाला पुन्हा उघडी पडते. असं थरामागून थर. पुढे २०१० च्या सुमारास याच सोन्यावर मेथॅनॉलपासून मिथिल फॉर्मेट हे रसायन निवडून करता येतं, हेही दिसलं, आणि त्यात मागे उरलेल्या थोड्याशा चांदीचा हात आहे, हेही. आमच्या गलाईवाल्याला ती उरलेली चांदी म्हणजे कामचुकारपणा वाटली असती. त्याला जाळी नकोच होती. जाळीला कोणी पैसे देत नव्हतं.

'आमच्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होतं' असं म्हणणारा तिसरा तट इथे उठून उभा राहील, म्हणून सांगतो: माझा मुद्दा तो नाही. करता येणं आणि का होतं ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दक्षिण अमेरिकेतले कोलंबसपूर्व कारागीर तांबं मिसळलेल्या सोन्याच्या वस्तूवरचं तांबं खाऊन टाकायचे आणि उरलेली सोन्याची विसविशीत साय घासून चकाकवायचे. त्यांनी इंधनघट (हायड्रोजनपासून वीज करणारा घट) बनवला नाही. पण उलटही खरं आहे: ज्याला सगळं कळतं आणि करता येत नाही, त्यानंही इंधनघट बनवला नाही.

आता दुसऱ्या तटाची, म्हणजे चिडलेल्यांची, सगळ्यात मजबूत बाजू मान्य करतो. या क्षेत्रात कचरा भरपूर आहे. २०२० साली मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये (कार्बनच्या अणूभर जाडीच्या पापुद्र्यात) चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून तापवली आणि दाखवलं, की त्यानं ग्राफीनची उत्प्रेरक क्षमता वाढते. नायट्रोजन घाला, गंधक घाला, फॉस्फरस घाला आणि प्रत्येकाचा वेगळा शोधनिबंध छापा, या फॅशनची ती जाहीर चेष्टा होती, रीतसर मोजमापांसह केलेली. त्याआधी तर 'धातूविरहित' म्हणून गाजलेल्या कार्बन नळ्यांमध्ये बनवतानाच राहून गेलेलं लोह खरं काम करत होतं, असंही काही बाबतींत निघालं. मांत्रिकाच्या अंगाऱ्यात कुणीतरी औषधाची गोळी कुटून घातलेली असावी, तसं.

आणि आकड्यांची हातचलाखी वेगळीच. २०११ मध्ये युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी लिहून ठेवलं, की विद्युतअग्राचा (इलेक्ट्रोडचा) थर पातळ केला की दर ग्रॅममागे आकडा छान येतो. पण विकायच्या सुपरकॅपॅसिटरमध्ये थर शे-दोनशे मायक्रॉनचा असतो आणि त्यात पत्रा, द्रव, डबा या सगळ्यांचं वजन धरावं लागतं. ते धरलं, की दुकानातला सुपरकॅपॅसिटर किलोमागे पाच-सात वॅट-अवर देतो. लिथियमची बॅटरी दीडशे ते अडीचशे. 'मिनिटभरात मोबाइल चार्ज' खरंच होईल, पण तो किती मिनिटं चालेल?

मग चिडलेले बरोबर का? नाही. कारण 'यातून काही निघालं नाही' हे त्यांचं पुढचं वाक्य साफ चूक आहे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, त्या घरात सच्छिद्र धातू आहे: शिसे-आम्ल बॅटरीची ऋण पाटी म्हणजे स्पंजासारखं शिसं. युरियाच्या प्रत्येक गोणीमागे सच्छिद्र लोखंड उभं आहे. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरनं अमोनिया बनवून दाखवला तो ऑस्मियम वापरून, आणि ऑस्मियम जगात मूठभर. मग बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश बसला. पहिल्या काही वर्षांतच सुमारे अडीच हजार पदार्थ आणि साडेसहा हजार चाचण्या! हाती लागला स्वीडनच्या खाणीतला एक मॅग्नेटाइट (लोखंडाचं खनिज), नशिबानं अशुद्ध असलेला. त्यातल्या ऑक्सिजनला हायड्रोजननं ओढून बाहेर काढलं, की मागे लोखंडाची जाळी उरते, आणि थोडंसं अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) ती जाळी उष्णतेनं बसू देत नाही. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज अलिबागजवळ थळला अमोनिया होतो, तो याच जातीच्या लोखंडावर. हाबरचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं. मिटाश आणि त्याचे नळीशेजारी रात्रपाळी करणारे मदतनीस कुठे असतात?

मरे रेनीची गोष्टही तशीच. हा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता, यंत्र अभियंता होता, अमेरिकेत तेलाच्या धंद्यात. सरकीच्या तेलात हायड्रोजन घालायला बरा कॅटॅलिस्ट हवा, एवढी त्याची गरज. निकेल-सिलिकॉनच्या मिश्रधातूतून सिलिकॉन काढून टाकायचं पेटंट त्याला १९२५ मध्ये मिळालं; मग त्यानं निकेल-अॅल्युमिनियम निम्मं-निम्मं घेऊन कॉस्टिक सोड्यानं अॅल्युमिनियम खाऊन टाकलं, त्याचं पेटंट १९२७ मध्ये. उरलं ते स्पंज निकेल, आजही जगभर वापरात असलेलं. तत्त्व आमच्या गलाईवाल्याचंच. फरक एवढाच, की रेनीला जाळी हवी होती.

या रेनी निकेलनं माझीही शिकवणी घेतली. ते पाण्याखाली ठेवतात, कारण सुकलं की हवेत आपोआप पेटतं. आमच्याकडे एकदा गाळणीचं कापड धुऊन कठड्यावर टाकलेलं होतं, कडेला बोटभर काळा डाग. जेवणाच्या सुट्टीत तो डाग सुकला, आधी कडा लाल झाली, मग विडीसारखी ठिणगी सरकत गेली. कुणाला इजा झाली नाही, कापड गेलं. पण त्याहून जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्याच पुरवठादाराचा माल, कागदावर तोच पृष्ठभाग, तेच निकेल. एका ड्रमनं बॅच सहा तासांत उतरायची, दुसऱ्यानं अकरा तास घ्यायचे. महिनाभर आम्ही हायड्रोजनला, पंपाला, ऑपरेटरला दोष देत राहिलो. शेवटी निघालं, की कॉस्टिक घालताना टाकीचं तापमान चढलं होतं आणि अॅल्युमिनियम जरा जास्तच निघून गेलं होतं. दिवाळीत अनारसे करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. पीठ तेच, गूळ तोच; एका घाण्याला सुंदर जाळी पडते, पुढच्या घाण्यात अनारसा तुपात हसतो. चूक कुठे झाली ते तिच्या हाताला कळतं, वहीत लिहिलेलं नसतं.

हरखलेल्यांचीही एक बाजू खरी आहे, आणि ती चिडलेल्यांना दिसत नाही. छिद्राचा आकार ही नुसती फॅशन नाही. २००६ मध्ये असं आढळलं, की एक नॅनोमीटरहून बारीक छिद्रांत विद्युतभार कमी न साठता उलट जास्त साठतो. आयन (विद्युतभारित कण) अंगावरचा द्रावकाचा शेला उतरवून आत शिरतात. तोवर समज होता, की इतकी बारीक छिद्रं वाया जातात. टोयोटाच्या २०२० च्या मिराई गाडीच्या इंधनघटात प्लॅटिनमचे कण कार्बनच्या आतल्या छिद्रांत लपवले, कारण बाहेर राहिले तर सभोवतीचं बहुवारिक (पॉलिमर) त्यांच्यावर चिकटून त्यांचं तोंड बंद करतं. ऑक्सिजन मात्र छिद्रात पोचतो. इथे दोन-चार नॅनोमीटरचा फरक पैशात मोजता येतो.

पण नीट पाहा, यातून 'जास्त छिद्रं म्हणजे चांगलं' हे सिद्ध होत नाही, उलट मोडीत निघतं. सोडियम बॅटरीचं उदाहरण घ्या. ग्रॅफाइटमध्ये सोडियम नीट बसत नाही, म्हणून तिथे हार्ड कार्बन, म्हणजे अस्ताव्यस्त थरांचा कार्बन, लागतो. त्यात सोडियम जाऊन बसतो बंद छिद्रांत, जिथे पृष्ठभाग मोजायला वापरतात तो नायट्रोजन वायूसुद्धा पोचत नाही. उघडा पृष्ठभाग जास्त असेल, तर पहिल्याच चार्जला सोडियम त्यावर वाया जातो. म्हणजे ज्या आकड्यावर बातमीचा मथळा उभा, तोच आकडा इथे दोष ठरतो! करवंटी तीच. आठ-नऊशे अंशांवर वाफ सोडली, की जाळी उघडते आणि सुपरकॅपॅसिटरचा कार्बन होतो. वाफ न सोडता, हवा न लागू देता आणखी तापवली, की छिद्रं मिटतात आणि बॅटरीचा कार्बन होतो. करवंटीत जादू नाही, भट्टी चालवणाऱ्यात आहे.

आणि तो तीन हजारांचा विक्रम कसा येतो? बहुतेक वेळा एक भाग कार्बनला तीन-चार भाग कॉस्टिक पोटॅश घालून. प्रयोगशाळेत दोन ग्रॅमला ठीक आहे. शंभर किलो करायचं म्हटलं, की भट्टीच्या पत्र्याला पोटॅश खातं, आत पोटॅशियमची वाफ उठते, आणि नंतर धुवायला पाण्याचे टँकरच्या टँकर लागतात. ते पाणी कुठे सोडणार? नाल्यात? शोधनिबंधात 'पाण्यानं उदासीन होईपर्यंत धुतलं' एवढं अर्धं वाक्य असतं. माझ्या मते सगळी अर्थव्यवस्था त्या अर्ध्या वाक्यात आहे.

आता आक्षेप. पहिला प्राध्यापक मित्रांचा: संशोधनाला असं किलोत तोलू नका, मूलभूत काम मोकळं असावं. शंभर टक्के मान्य. एर्लेबाखरना कुणी 'किती किलो?' विचारलं असतं तर तो उलगडा झाला नसता. पण साल बदलून तोच प्रयोग करणं याला मूलभूत संशोधन म्हणायचं का? आंबा, फणस, चिकू, केळी: फळांची यादी संपेल, 'का?' हा प्रश्न आलेला नसेल. माझी तक्रार मूलभूत कामाबद्दल नाहीच. मूलभूतही नाही आणि उपयोगीही नाही अशा मधल्या कामाबद्दल आहे, आणि त्याचाच ढीग मोठा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: किलोत बनवणं हे उद्योगांचं काम, सरकारनं त्यात का पडावं? बीएएसएफनं आणि रेनीनं आपापल्या हिमतीवर केलं, हे खरं. पण बीएएसएफसमोर खतांची अख्खी बाजारपेठ होती आणि रेनीसमोर तेलाची गिरणी. गिऱ्हाईक आधीच दारात. आपल्याकडचा छोटा कारखानदार परदेशी कॅटॅलिस्ट घेतो, कारण त्यासोबत हमी येते. नवा देशी माल घालून रिअॅक्टर बंद पडला, तर नोकरी कुणाची जाईल? मीही ती जोखीम कधी घेतली नाही, हे कबूल करतो. म्हणून पहिलं गिऱ्हाईक उभं करणं हे सार्वजनिक काम ठरतं. आपण ते एकदा करून दाखवलंय. पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं) १९८० च्या दशकात एन्सिलाइट हे झिओलाइट, म्हणजे सच्छिद्र खनिजासारखा पदार्थ, तयार केलं, एसीसी या सिमेंट कंपनीनं ते कारखान्यात बनवलं आणि बडोद्याच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीनं झायलीन या रसायनासाठी ते प्रत्यक्ष भट्टीत भरलं. झिओलाइट धातूही नाही आणि कार्बनही नाही, पण सच्छिद्र कॅटॅलिस्टच तो. साखळीतली तिन्ही माणसं एका खोलीत बसली म्हणून ते झालं.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्याचा: चीनचा माल स्वस्त आहे, घ्या आणि गप्प बसा. स्वस्त आहेच. फक्त डिसेंबर २०२३ पासून चीननं ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा बॅटरीवाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. इरिडियम या दुर्मिळ धातूची गोष्ट तर याहून अडचणीची. पीईएम (पातळ पडदा वापरणाऱ्या) पद्धतीच्या इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला, ते लागतं आणि साऱ्या जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. अल्कधर्मी पद्धतीत मात्र सच्छिद्र निकेलवर भागतं, आणि ती पद्धत आपल्याला परकी नाही: भाक्राच्या विजेवर पाणी फोडून नांगलला १९६० च्या दशकात खतासाठी हायड्रोजन बनत होता.

मग पैसा कुठे जातो, ते बघू. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे १९,७४४ कोटी. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजनच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना, ४०० कोटी संशोधनाला, ३८८ कोटी इतर गोष्टींना. एका टोकाला शोधनिबंध, दुसऱ्या टोकाला कारखाना. मधली पायरी, म्हणजे ग्रॅमचा किलो आणि किलोचा टन करणारी, या चार आकड्यांत डोळ्यांत भरत नाही. पथदर्शी म्हणतात ते प्रकल्प पोलाद, जहाजं, बस यांत हायड्रोजन वापरून बघायचे आहेत. तेही हवेत, पण बसमधल्या घटातला कार्बन कोण करणार?

मला हवंय ते फार मोठं नाही. देशात तीन-चार सामाईक शेड: गोल फिरणारी भट्टी, कॉस्टिकच्या आणि तेजाबाच्या टाक्या, धुराला धुराडं आणि पाण्याला शुद्धीकरण, आणि ते चालवणारी कायम नोकरीतली माणसं, जी वीस वर्षांत भट्टीचा आवाज ओळखायला लागतील. अनुदान घेतलेल्या प्रत्येक प्रकल्पानं शेवटी तिथे आपला पदार्थ दुसऱ्याच्या हातून तीन वेळा करून घ्यावा आणि तिन्ही निकाल छापावेत, फसलेले धरून. थराची जाडी, किलोमागे उतारा, धुण्याचं पाणी, सगळं. यानं शोधनिबंध कमी होतील? होऊ देत की.

गेल्या महिन्यात ग्रुपवर पुन्हा एक बातमी पडली. यावेळी मी भांडणात न पडता भाचीला फोन लावला. ती याच विषयात पीएचडी करते. 'एका खेपेला किती होतं गं तुमच्याकडे?'

'दोनशे मिलिग्रॅम, मामा.'

'आणि दुसऱ्या खेपेला?'

'दुसरी तशी आली नाही. का आली नाही, त्यावरच मला लिहायचं होतं खरं तर. पण सर म्हणाले, ते कोण छापणार?'